युद्धकाळातील चांदीची बेअरिंगे: बाजारातल्या वावड्या आणि वस्तुस्थिती

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विमान इंजिनांत बसवलेली चांदीची बेअरिंगे (फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारी धातूची कवचे) ही कथिलाच्या टंचाईपायी केलेली तडजोड होती, ती कोणतीही पूर्वसूचना न देता सीझ होत, म्हणजे घासून दांड्याला चिकटून जाम होत, आणि आज अशी बेअरिंगे हाती आली तर ती काढून तांबे-शिशाची बसवावीत, असे जुने सुटे भाग विकणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी प्रश्नकर्त्याला सांगितले आहे. यात तथ्य किती?

आधी निष्कर्ष सांगतो. तडजोडीची गोष्ट खरी नाही. सीझ होण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, पण तो खरा अर्धा भाग नुसत्या उघड्या चांदीला लागू पडतो, तयार बेअरिंगला नाही. सरसकट बदलण्याचा सल्ला तर चांगल्या स्थितीतले इंजिन बिघडवू शकतो. बेअरिंगांची तपासणी आणि त्यांच्या बिघाडांची कारणे शोधणे हेच माझे काम राहिले आहे, त्यामुळे या धातूबद्दलची ही बोलणी मी वेगवेगळ्या रूपांत ऐकत आलो आहे. बहुतेक वेळा बोलणाऱ्याजवळ विकण्यासाठी दुसऱ्या धातूचे बेअरिंग असते, हेही पाहत आलो आहे. त्यामुळे उत्तर जरा मुळापासून द्यावे लागेल.

अमेरिकेच्या आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पुढे आणलेला कथिलाचा मिश्रधातू, ज्याला आपल्याकडे व्हाइट मेटल म्हणतात, तो जवळजवळ शंभर वर्षे बेअरिंगचा आदर्श मानला गेला. त्यात सुमारे ८९ टक्के कथील आणि बाकी अँटिमनी व तांबे असते. तो मऊ असल्याने तेलातून आलेला कचरा पोटात घेतो, जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या भागाला, ओरखडे पडू देत नाही आणि तेल क्षणभर तुटले तरी सांभाळून घेतो. त्याची उणीव एकच, पण ती मोठी आहे: वारंवार उलटसुलट येणाऱ्या जोराखाली तो थकतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी त्याचे खपले निघतात. तापमान वाढले की ही उणीव आणखी तीव्र होते.

रेडियल, म्हणजे क्रँकभोवती वर्तुळात सिलिंडर बसवलेल्या, विमान इंजिनात हाच प्रश्न सर्वाधिक बिकट होता. अशा इंजिनात वर्तुळाच्या एका रांगेतले सगळे पिस्टन एकाच मास्टर रॉडला जोडलेले असतात आणि तो मास्टर रॉड क्रँकच्या एकाच पिनवर फिरतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या ट्विन वास्प आर-१८३० इंजिनात सात-सात सिलिंडरांच्या दोन रांगा होत्या, म्हणजे सात सिलिंडरांचा भार एका बेअरिंगवर येई. उड्डाणाच्या वेळी हे इंजिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर १,२०० अश्वशक्ती देत असे. एवढ्या भाराखाली आणि उष्णतेत व्हाइट मेटल टिकणे शक्य नव्हते. पोलादी पाठीवर तांबे-शिशाचा थर देणे हा एक मार्ग होता आणि इंडियानापोलिसच्या ॲलिसन कंपनीने पुढे स्वतःची इंजिने बनवण्याआधी त्याच मार्गावर बेअरिंगांचा मोठा व्यवसाय उभारला होता. प्रॅट अँड व्हिटनीने १९३० च्या दशकातच दुसरा मार्ग धरला, तो चांदीचा.

तारखा इथे निर्णायक आहेत. अमेरिका युद्धात उतरली ती ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, आणि मलायाचे कथील हातून गेले ते १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले त्या सुमारास. बांका आणि बेलितुंग ही कथिलाची बेटेही तेव्हाच जपानच्या ताब्यात गेली. कथिलाची चणचण खरोखरच मोठी होती. बोलिव्हियाचे खनिज वितळवण्यासाठी अमेरिकेला टेक्सास सिटी येथे नवी भट्टी उभारावी लागली आणि अनेक ठिकाणच्या व्हाइट मेटलमध्ये कथिलाऐवजी शिसे वाढवावे लागले. पण चांदीचे बेअरिंग याच्या आधीच आलेले होते आणि तेही भार पेलण्याच्या कारणाने. कथील मुबलक असते तरी ट्विन वास्पच्या मास्टर रॉडमध्ये व्हाइट मेटल गेले नसते.

मग टंचाईची कथा या धातूला चिकटली कशी, तेही सांगता येते. १९३४ च्या रौप्य खरेदी कायद्यामुळे अमेरिकी सरकारच्या तिजोरीत चांदीचा प्रचंड साठा पडून होता आणि युद्धात तांबे व कथील कमी पडू लागल्यावर तीच चांदी अनेक कामांत त्यांच्या जागी वापरली गेली. अणुबॉम्ब प्रकल्पाच्या ओक रिज येथे युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्याच्या यंत्रांतील विद्युतचुंबकांसाठी तिजोरीतून सुमारे १४,००० टन चांदी उसनी घेण्यात आली, कारण तेवढे तांबे देणे परवडणारे नव्हते. ज्याने चांदी पर्यायी धातू म्हणून वापरली जाताना पाहिली, त्याने बेअरिंगमधली चांदीही त्याच यादीत टाकली. समजूत स्वाभाविक असली तरी चुकीची आहे, आणि कथिलाचे मिश्रधातू विकणाऱ्याला ती सोयीची आहे.

आता सीझ होण्याचे पाहू. चांदी सर्व धातूंमध्ये उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते, थकव्याला व्हाइट मेटलपेक्षा पुष्कळ अधिक तोंड देते आणि ९६१ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. पण शुद्ध चांदीचा पृष्ठभाग पोलादी जर्नलवर कोरडा घासला गेला तर तो जर्नलला चिकटून बसतो. हे तिच्या विकसकांना पहिल्यापासून ठाऊक होते, म्हणून कुठल्याही इंजिनात जर्नलसमोर उघडी चांदी ठेवण्याचा हेतू नव्हता. पोलादी शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या कवचावर, विद्युतलेपनाने चांदीचा थर चढवायचा, तो यंत्रावर अचूक मापाला आणायचा, त्यावर शिशाचा अतिशय पातळ थर द्यायचा, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका, अशी रचना होती. शिसे घर्षण सांभाळते, चांदी भार आणि उष्णता सांभाळते, पोलाद आकार सांभाळते. व्यापारी जेव्हा चांदी सीझ होते म्हणतात, तेव्हा ते या तीन थरांपैकी मधल्या एकाविषयी बोलत असतात.

शिशाचा हा पातळ थर मात्र खरोखरच अडचणीचा ठरला, आणि माझ्या मते या सगळ्या वावड्यांचे उगमस्थान तिथे आहे. इंजिनातले तेल उष्णतेने आणि हवेने जुने होत जाते तशी त्यात सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि ती शिसे खातात. तांबे-शिशाच्या बेअरिंगातही हेच होते: शिसे निघून जाते आणि तांब्याची पोकळ जाळी मागे उरते. मोटारींत आलेल्या कॅडमियमच्या बेअरिंगांनाही हाच रोग लागला. १९३० च्या दशकात तेलशुद्धीकरणाच्या नव्या पद्धती आल्यावर हा प्रकार वाढला, कारण द्रावकाने अधिक स्वच्छ केलेल्या तेलातून गंधकाची काही नैसर्गिक संयुगेही निघून जात आणि तीच संयुगे आधी बेअरिंगच्या पृष्ठभागाचे रक्षण करत असत. म्हणजे तेल दिसायला सुधारले आणि बेअरिंगे मरू लागली.

अशा वेळी दोष कुणाचा? तेल विकणारा म्हणणार, आमचे तेल पूर्वीपेक्षा शुद्ध आहे, तेव्हा धातूच वाईट असणार. बेअरिंग विकणारा म्हणणार, धातू तोच आहे, तेल बदलले. जुन्या व्हाइट मेटलचा कारखानदार म्हणणार, दोघेही नव्याच्या नादी लागले, कथिलाला असे काही होत नाही. आणि खरोखरच कथिलावर या आम्लांचा परिणाम फारसा होत नाही, त्यामुळे त्याचे बोलणे सर्वांत खरे वाटते, पण कथिलाला तो भार पेलत नाही हे तो सांगत नाही. तिघांच्याही विधानांत एकेक खरी गोष्ट आहे. प्रत्येकाने आपल्या विक्रीला पोषक तेवढीच उचलली आहे.

या प्रश्नावर उत्तर शोधले गेले ते दोन बाजूंनी, आणि दोन्ही उत्तरे मोजमापाची होती. धातूच्या बाजूने इंडियम आला. हा मऊ धातू १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबेर्ग येथे सापडला होता, पण सुमारे सत्तर वर्षे त्याला मोठ्या प्रमाणावर कामच नव्हते. त्याचा पहिला मोठा औद्योगिक वापर झाला तो याच विमान इंजिनांच्या बेअरिंगांत. शिशाच्या थरावर इंडियमचा अगदी हलका लेप द्यायचा आणि मग शेल तापवायचे. इंडियम १५७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे त्याहून थोड्या अधिक तापमानाला तो शिशात झिरपतो आणि वेगळा थर न राहता शिशाचाच भाग होतो. असे शिसे तेलातल्या आम्लांना दाद देत नाही. पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवायला घेतले, तेव्हा केलेल्या सुरुवातीच्या बदलांपैकी एक म्हणजे क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांत तांबे-शिशाऐवजी चांदी-शिसे आणि वर इंडियम, हा होता. ज्यांच्या हाती तांबे-शिशाचे सिद्ध झालेले बेअरिंग होते त्यांनीच ते सोडून चांदी घेतली, ही गोष्ट तांबे-शिसे विकणाऱ्या आजच्या व्यापाऱ्यांपुढे अवश्य ठेवावी.

तेलाच्या बाजूने चाचण्या आल्या. लष्कराच्या जड कामाच्या तेलांसाठी रुळलेली एल-४ ही चाचणी मला आजही आवडते, कारण ती वादाला जागा ठेवत नाही. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे इंजिन ठरलेल्या वेगाने आणि भाराने ३६ तास चालवायचे, त्यात बसवलेली तांबे-शिशाची बेअरिंगे आधी आणि नंतर वजन करायची. वजन किती घटले त्यावरून ते तेल शिसे किती खाते ते कळते. कोण काय म्हणतो याचा इथे प्रश्नच उरत नाही.

एवढे असूनही बेअरिंगच्या धातूविषयीच अशा वावड्या का टिकतात, याला एक तांत्रिक कारण आहे. बेअरिंग पुरते गेले की ते आपल्या मृत्यूचा पुरावा स्वतःच पुसून टाकते. पृष्ठभाग वितळतो, पसरतो, जर्नलला चिकटतो. तेल कमी पडले होते, कचरा आला होता, लेप नीट बसला नव्हता की मापात चूक होती, यातले काहीही त्या वितळलेल्या धातूवरून सांगता येत नाही. हाती उरतो फक्त एक चकाकणारा गोळा आणि त्या धातूचे नाव. पुराव्याची जागा रिकामी राहिली की तिथे कुणीही आपले म्हणणे ठेवू शकतो. युद्धाच्या काळात त्यात भर पडली ती गोपनीयतेची: चाचण्यांचे आकडे आणि बिघाडांचे अहवाल बाहेर येत नसत, त्यामुळे खोट्याला उत्तर देणाऱ्याकडे दाखवायला कागद नसे.

म्हणून जाणकार तपासनीस गेलेल्या बेअरिंगपेक्षा न गेलेल्या बेअरिंगकडे आधी पाहतो. ट्विन वास्पमध्ये पुढच्या रांगेचे मास्टर रॉड बेअरिंग गेले असेल तर मागच्या रांगेचे काढून भिंगाखाली धरावे. त्यावर एकाच बाजूला शिसे झिजून चांदीची शुभ्र पट्टी दिसत असेल तर भार किंवा सरळपणाचा प्रश्न आहे. सगळीकडे बारीक काळे ठिपके रुतलेले असतील तर कचरा. व्हाइट मेटलइतका कचरा पोटात घेण्याची चांदीच्या बेअरिंगची ताकद नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. शिशाचा थर खड्डेदार, खाल्ल्यासारखा दिसत असेल तर तेल तपासावे. चांदी फुगून फोडासारखी उचलली गेली असेल तर लेपनाच्या वेळी पोलाद नीट स्वच्छ झाले नव्हते. म्हणूनच कारखान्यात तयार शेल मुद्दाम तापवून फोड येतात का ते पाहण्याची पद्धत होती. चारही खुणा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या असतात. यातली एकही खूण चांदीने घात केला असे सांगत नाही. ती सांगते कुठे आणि कशामुळे.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो, कारण इथे वावडी स्वतःला खरी करून दाखवते. व्हाइट मेटलवर वाढलेला फिटर नवे बेअरिंग बसवताना निळा रंग लावतो, जर्नल फिरवतो, उंचवटे पाहतो आणि स्क्रेपरने खरवडून बेअरिंग जुळवतो. व्हाइट मेटलसाठी ही पद्धत योग्य आहे आणि आपल्याकडे साखर कारखान्यांपासून तेल इंजिनांपर्यंत ती अतिशय कुशलतेने केली जाते. पण चांदीच्या बेअरिंगवर शिशाचा थर केसापेक्षा पातळ असतो. स्क्रेपरचे दोनच हात फिरले की तो संपतो आणि उघडी चांदी जर्नलसमोर येते. नवे शेल राखाडी आणि मंद दिसते, चांदीसारखे चमकत नाही, म्हणून ते गंजले असे समजून कुणी ते घासून चकचकीत केले तरीही तेच होते. पुढे ते बेअरिंग सीझ होते आणि लोक म्हणतात, चांदी सीझ होते हे आम्ही आधीच सांगितले होते. अविश्वासापोटी जास्त हात लावायचा आणि जास्त हात लावल्याने बिघाड व्हायचा, हे चक्र मी कार्यशाळांत पाहिले आहे आणि ते पाहताना मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यात दोष ना धातूचा असतो ना फिटरच्या हाताचा. त्या फिटरला बेअरिंगची रचना कुणी समजावून सांगितलेलीच नसते.

या धातूने प्रत्यक्षात काय केले ते पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. युद्धानंतर उरलेली डाकोटा विमाने आपल्याकडे मोठ्या संख्येने आली आणि त्या प्रत्येकात दोन ट्विन वास्प इंजिने होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर शीख रेजिमेंटचे जवान उतरले ते डाकोटांमधून. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या अदलाबदल होत आणि ती पुन्हा आपापल्या दिशेने परतत. त्या सेवेचाही आधार मुख्यतः डाकोटाच होती. रोज रात्री, उन्हाळ्यातल्या नागपूरच्या उष्ण हवेत भरल्या वजनाने उड्डाण करणारी ही इंजिने चालली, कारण त्यांची देखभाल छापील सूचनांप्रमाणे झाली, बेअरिंग खरवडले गेले नाही, तेल ठरलेले घातले गेले.

एक गोष्ट मात्र प्रश्नकर्त्याने मनावर घ्यावी, कारण इथे चांदीविषयीची सावधगिरी पूर्णपणे सार्थ आहे. जस्ताचे डायथायोफॉस्फेट हे द्रव्य १९४० च्या दशकापासून मोटारींच्या तेलात येऊ लागले. सुरुवातीला ते तेलाचे ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी आणि तांबे-शिशाचे बेअरिंग वाचवण्यासाठी आले, झीज कमी करण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. तेच द्रव्य चांदीला मात्र खाते. अमेरिकेच्या ईएमडी कंपनीने आपल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनांत पिस्टनपिनच्या बेअरिंगला चांदी वापरली आणि म्हणून त्या इंजिनांना जस्तविरहित तेलच चालते असा दंडक घातला. भारतीय रेल्वेत १९६२ च्या सुमारास आलेल्या डब्ल्यूडीएम-४ इंजिनांपासून पुढे वाराणसीत बनलेल्या डब्ल्यूडीजी-४ पर्यंत ही जात आपल्याकडेही धावली आहे. एका धातूला वाचवणारे द्रव्य दुसऱ्याला मारते, त्यामुळे कोणते तेल चांगले हा प्रश्न समोरचे बेअरिंग कशाचे आहे हे कळल्याशिवाय विचारताच येत नाही. रेल्वेतली ही सूचना वावडी नव्हती, कारण तिच्यात इंजिन, जागा, द्रव्य आणि परिणाम या चारही गोष्टी नावानिशी सांगितलेल्या होत्या. व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टीत फक्त धातूचे नाव आहे.

तेव्हा इंजिन प्रत्यक्ष हाती असेल तर त्याच्या देखभाल पुस्तिकेत सांगितलेलेच विमानाचे तेल वापरावे, मोटारीचे तेल कितीही महाग आणि नामांकित असले तरी घालू नये. ठरलेल्या ओव्हरहॉलआधी केवळ धातूच्या नावाने घाबरून मास्टर रॉड उघडू नये, कारण प्रत्येक उघडण्यात कचरा आत जाण्याची आणि जुळलेले माप बिघडण्याची शक्यता असते. तेलाची चाळणी मात्र दर वेळी काढून पाहावी: त्यात मऊ, पांढरट, चुंबकाला न चिकटणारे खपले आले तर ते सुकवून, फोटो काढून, वजन करून ठेवावेत आणि तेव्हाच इंजिन उघडण्याचा निर्णय घ्यावा. जे शेल बदलण्यास सांगितले जात आहे त्याचे माप, शिशाचा थर किती उरला आहे आणि बदली शेलवर कोणता लेप आहे, हे व्यापाऱ्याने लेखी द्यावे अशी मागणी करावी. बदली शेल तांबे-शिशाचे असेल तर ते त्याच इंजिनासाठी, त्याच भारासाठी उत्पादकाने मान्य केल्याचा कागदही मागावा. असा कागद मिळाला तर बदलाचा विचार करता येईल. तोपर्यंत चांगल्या स्थितीतले चांदीचे बेअरिंग जसेच्या तसे इंजिनात राहू द्यावे, त्याला स्क्रेपर किंवा पॉलिश कागद लावू देऊ नये.